निळे घावने आणि सोनेरी केस

मैत्रिणींनो, तुमच्या घरी बुधवार कसा जातो? आमच्याकडे २०२३-२४ च्या थंडीत आणि पुन्हा २०२५-२६ च्या थंडीत बुधवार हा भांडणाचा वार झाला होता. भांडण सासू-सुनेचे नव्हे हो! आमच्या सासूबाई बिचाऱ्या त्या वेळी माळ घेऊन आतल्या खोलीत जातात. भांडण असते बहीण-भावाचे, आणि कारण असते टीव्हीवरची 'पर्सी जॅक्सन अँड दि ऑलिंपियन्स' ही मालिका. दर बुधवारी तिचा एक नवा भाग यायचा. भाग संपला की घरात वादाला तोंड फुटायचे, ते जेवणाची ताटे मांडेपर्यंत.

ज्यांच्या घरी ही मंडळी अजून आलेली नाहीत, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रिक रायॉर्डन हे अमेरिकेतल्या टेक्सासचे एक शिक्षक. शाळेत इंग्रजी आणि इतिहास शिकवायचे. त्यांच्या मुलाला वाचनाचा फार त्रास होता. अक्षरे डोळ्यांपुढे ठरत नसत, एका जागी बसवत नसे. वडील त्याला झोपताना ग्रीक पुराणातल्या गोष्टी सांगत. त्या संपल्या तेव्हा मुलगा म्हणाला, आता नवीन सांगा. मग त्यांनी पर्सी नावाचा बारा वर्षांचा मुलगा रचला. त्यालाही अक्षरे वाचता येत नाहीत, शाळेतून नाव काढले जाते, आणि एक दिवस कळते की त्याचे वडील साक्षात समुद्राचे देव आहेत! पहिले पुस्तक २००५ साली निघाले, पाचवे २००९ साली. आमच्या मोठ्याने वाचनालयातून आणून पाचही वाचली आणि धाकटीला रात्री पांघरुणात शिरून मराठीतून सांगितली. म्हणजे गोष्ट मुळात जशी जन्मली, तशीच ती आमच्या घरातही आली.

या गोष्टीवर २०१० आणि २०१३ साली दोन चित्रपट निघाले होते. पुस्तकवेड्या मुलांना ते मुळीच आवडले नाहीत. बारा वर्षांचा पर्सी पडद्यावर एकदम मिसरूड फुटायच्या वयाचा झाला होता. मला त्यांचे दुःख समजते. २०१७ साली 'फास्टर फेणे'चा चित्रपट आला, तेव्हा मीसुद्धा थिएटरात बसून मनात म्हटले होतेच, 'अगंबाई, आमचा बन्या एवढा थोराड कधी झाला?' भा. रा. भागवतांचा तो फुरसुंगीचा काटकुळा पोरगा माझ्या डोक्यात कायमचा शाळकरीच राहिला आहे. चित्रपट वाईट होता असे नव्हे, पण मनातला बन्या काही उठून जागा द्यायला तयार होईना.

तर नव्या मालिकेत स्वतः रायॉर्डन आणि त्यांच्या पत्नी सामील झाल्या, आणि मुलांना पुन्हा आशा वाटू लागली. २० डिसेंबर २०२३ च्या बुधवारी आमच्याकडे पहिले दोन भाग आले. मोठा मांडीवर पुस्तक उघडून बसला, जणू तपासनीसच!

"पुस्तकात असं नाहीये!" हे वाक्य त्या दीड महिन्यात मी किती वेळा ऐकले असेल, मोजदाद नाही. मेदुसा नावाची एक बाई असते, तिच्या डोळ्यांत पाहिले की माणसाचा दगड होतो. पुस्तकात ही भुकेली मुले तिच्याकडे खाण्याच्या वासाने जातात आणि ती कोण हे त्यांना फार उशिरा उमगते. मालिकेत मात्र दारातच ओळखतात. "मग भीती कसली वाटणार?" मोठा चिडला. पुस्तकात पर्सी ठरल्या मुदतीत काम पुरे करतो, मालिकेत मुदत टळून जाते. शिवाय भाग सुरू होतो न होतो तोच संपतो. जगभरच्या पुस्तकवेड्यांच्या तक्रारी थोड्याफार याच होत्या. मला त्यात काही वावगे वाटले नाही. ज्या घराशी आपले नाते असते, त्याच घरातली पितळी भांडी जागेवरून हलली की आपल्याला कळते. परक्या घरात कोण बघतो?

पण धाकटीची तक्रार वेगळी होती. ती तेव्हा पाचवीत होती. गोष्टीत पर्सीची मैत्रीण आहे ॲनाबेथ. बुद्धीची देवता अथीना, तिची ही मुलगी. सगळ्यांत हुशार, सगळे बेत हिचे. पुस्तकात तिचे केस सोनेरी आहेत. मालिकेत हे काम लेआ जेफ्रीज ही कृष्णवर्णी मुलगी करते. ती पडद्यावर आली आणि धाकटी म्हणाली, "ही नाही ॲनाबेथ."

मी स्वयंपाकघरातून विचारले, "का गं?"

"ॲनाबेथ हुशार आहे ना? मग गोरीच असणार ना!"

मैत्रिणींनो, माझ्या हातातली फोडणी करपली. ती म्हणाली असती, 'पुस्तकात सोनेरी केस आहेत,' तर मी हसून सोडून दिले असते. पण पुस्तकाने जे कुठेच म्हटले नव्हते, ते ही बोलली होती. हुशार म्हणून गोरी! हे तिला कोणी शिकवले?

उत्तर शोधायला लांब जावे लागले नाही. आमची धाकटी सावळी आहे. माझ्यावर गेली आहे. मला दाखवायच्या वेळी 'मुलगी नाकीडोळी नीटस, पण...' या 'पण'वर तीन ठिकाणी बोलणी अडली होती. ते मी विसरले नव्हते, आणि म्हणूनच लेक तान्ही असल्यापासून दर रविवारी वाटीत डाळीचे पीठ, साय आणि हळद कालवून तिला चोळत होते. चोळताना तोंडाने म्हणत होते, "थोडा रंग उजळू दे गं बाई." दहा वर्षे दर रविवारी! पोरीने दुसरे काय शिकावे?

आणि नुसते घरीच नाही. मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते, हे तुम्हाला ठाऊक आहे. मालिका सुरू व्हायच्या आदल्याच आठवड्यात आमचे स्नेहसंमेलन झाले होते. नाटुकले मीच बसवले होते. राजकन्या कोण, तर वर्गातली सर्वांत गोरी मुलगी. दोन दासी कोण, तर दोन सावळ्या मुली. त्यातली एक राजकन्येचे सगळे संवाद घडाघडा म्हणून दाखवायची, विंगेतून तिला आठवण करून द्यायची! माझ्या मनात वाईट काही नव्हते. मनात काही आलेच नव्हते, हेच तर वाईट.

त्या रात्री मोठ्याने मला पुढची हकीगत सांगितली. मे २०२२ मध्ये लेआची निवड जाहीर झाली, तेव्हा ती अवघी बारा वर्षांची होती. स्वतःला या पुस्तकांचे भक्त म्हणवणाऱ्या कितीतरी लोकांनी तिला नको नको ते लिहिले. मोठी माणसे हो, त्या एवढ्याशा पोरीला! तेव्हा रायॉर्डन यांनी उघडपणे उत्तर लिहिले. ॲनाबेथचे सोनेरी केस लिहिणारे तेच आणि या मुलीला निवडणारेही तेच. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की मी स्वभाव पाहून निवड केली, रूप माझ्या लेखी दुय्यम होते. ते म्हणाले, कोणाला राग असेल तर तो माझ्यावर काढा, लहान मुलीला छळणे कोणत्याही परिस्थितीत चूकच. आणि तिचा रंग बघून तिला नाकारणे याला त्यांनी सरळ वर्णद्वेष म्हटले. आडपडदा ठेवला नाही.

शिक्षक असा असावा, असे मला वाटले आणि माझ्याच दोन दासी डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या.

धाकटीला मी काहीच समजावले नाही. उपदेश केला की मुलांचे कान बंद होतात, हा सर्व आयांचा अनुभव आहे. ते काम मालिकेने केले. पाचव्या भागात पर्सी एका शापित खुर्चीत बसतो आणि त्याचे सगळे शरीर सोन्याचे होते. ॲनाबेथ त्याला टाकून जात नाही. ती त्या खुर्चीच्या कारागीर देवाला सांगते की हा मुलगा तुम्हा देवांसारखा आपमतलबी नाही, मीही पूर्वी तशी होते, आता मला तसे राहायचे नाही. देव विरघळतो. धाकटी माझा पदर घट्ट धरून बसली होती. भाग संपल्यावर म्हणाली, "आई, आमची ॲनाबेथ काय रडली गं!" 'ही नाही'ची 'आमची' व्हायला चार बुधवार पुरले.

मला मात्र वर्ष लागले. पुढच्या स्नेहसंमेलनात सुरुवातीला सरस्वतीचा प्रवेश होता. या वेळी मी सगळ्या मुलींना तोच उतारा मोठ्याने वाचायला दिला आणि डोळे मिटून ऐकले. जिची वाणी सर्वांत स्पष्ट, ती सरस्वती. डोळे उघडले तर ती गेल्या वर्षीची दासी! रंगीत तालमीच्या दिवशी एक पालकबाई आल्या. म्हणाल्या, "बाई, राग मानू नका, पण स्तोत्रात सरस्वती शुभ्र म्हटली आहे. लोक हसतील हो."

पाहिलेत? हेसुद्धा 'पुस्तकात असं नाहीये' असेच होते. आणि खोटे नव्हते, स्तोत्रात तसे आहेच. माझी क्षणभर जीभ लुळी पडली. मग रायॉर्डन आठवले. मी म्हटले, "ताई, निवड माझी आहे. काही बोलायचं असेल तर मला बोला. पण मुलीच्या कानावर हे जाऊ देऊ नका. साडी शुभ्र नेसवू, वाणी तिची आहेच."

त्यांना पटले असे मी म्हणणार नाही. त्या गप्प झाल्या, इतकेच. प्रयोगाच्या दिवशी आमची सरस्वती मध्येच एक ओळ विसरली, थांबली, श्वास घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणाली. कोणी हसले नाही. घरी येताना धाकटी म्हणाली, "आई, ती वीणा उलटी धरून बसली होती." तिच्या नजरेला खटकली ती वीणा! मला फार बरे वाटले.

आता थोडे स्वयंपाकघरात या. पर्सीच्या आईची एक गंमत आहे. तिचा नवरा, म्हणजे पर्सीचा सावत्र बाप, मोठा खडूस. तो एकदा म्हणतो, निळे खाणे कुठे असते का! तेव्हापासून ही बाई जिद्दीने मुलाला निळा केक, निळ्या गोळ्या, जे मिळेल ते निळे खाऊ घालते. तोंडाने काही बोलत नाही. बायकांची ही मूक लढाई आपल्याला का नवीन आहे? जगभरची मुले नव्या भागाच्या दिवशी घरी निळे पदार्थ करतात. आमच्याकडेही शेवटच्या भागाला मागणी आली. बाजारचा रंग मला नको होता. कुंपणावर गोकर्णीचा वेल होताच.

निळ्या गोकर्णीची १०-१२ ताजी फुले धुऊन, हिरवे देठ काढून, अडीच वाट्या कढत पाण्यात दहा मिनिटे झाकून ठेवा. पाणी गर्द निळे होईल. गाळून, गार करून त्यात एक वाटी तांदळाचे पीठ आणि चवीपुरते मीठ घालून ताकासारखे पातळ सरबरीत करा. बिडाच्या तव्याला किंचित तेल लावून, तवा चांगला तापला की घावन घाला आणि झाकण ठेवा. तांबूस होऊ देऊ नका, रंग जातो. बरोबर ओल्या खोबऱ्याची चटणी द्या, पण लिंबू पिळाल तर जपून. आंबट लागले की निळ्याचे जांभळे होते! मुलांना तो चमत्कार मुद्दाम करून दाखवा.

ताटात निळे घावने पाहून आमचे 'हे' काय म्हणाले असतील? "निळं कधी कोणी खातं का?" दोन्ही मुले इतकी हसली की ठसका लागला. यांना अजून कळलेले नाही का ते.

१० डिसेंबर २०२५ ला मालिकेचे दुसरे पर्व सुरू झाले आणि २१ जानेवारी २०२६ ला संपले. त्यात टायसन नावाचा एकडोळ्या आहे, पर्सीचा सावत्र भाऊ. पुस्तकात पर्सीला आधी चारचौघांत त्याची लाज वाटते आणि नंतर त्या लाजेचीच लाज वाटते. धाकटी आता सातवीत आहे. त्या एकडोळ्याबद्दल कोणी चकार शब्द काढलेला तिला खपत नाही.

रविवारची वाटी आमच्याकडे अजून आहे. पीठ तेच, साय तीच. फक्त चोळताना आता मी म्हणते, "कातडी मऊ राहते गं." दहा वर्षांची सवय आहे, एखाद्या रविवारी जुने वाक्य ओठांवर येते आणि मी ते गिळते. मैत्रिणींनो, तुमच्या वाटीत काय आहे आणि ती चोळताना तुम्ही काय म्हणता, ते एकदा स्वतःशीच ऐकून बघाल? आणि निळे घावने जमले तर पत्राने जरूर कळवा.