धरण राखायचे कोणी?

धरणाच्या पायाभरणीला मंत्री येतात आणि जलपूजनालाही येतात. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत त्या धरणाच्या भरावावरून रोज फेरी मारणारा माणूस कोण, हा प्रश्न मात्र आपल्या राज्यकर्त्यांना फारसा पडलेला दिसत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला आलेल्या महापुराने धाराशिव जिल्ह्यापुढे तो पुन्हा उभा केला. भूम आणि परंडा तालुक्यांत गावे पाण्याने वेढली गेली, माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले, पिढ्यान्‌पिढ्या जपलेली शेतातील माती एका रात्रीत खरडून गेली. पाऊस असाधारण होता, हे कोणी नाकारीत नाही. परंतु असाधारण पावसाचे निमित्त पुढे करून साधारण, रोजच्या, नेमून दिलेल्या कामाचा हिशेब टाळता येणार नाही.

या जिल्ह्याचे पाणी दोन दिशांना वाहते. बालाघाटच्या एका उतारावरून मांजरा आणि तेरणा गोदावरीच्या खोऱ्यात जातात. दुसऱ्या उतारावरून सीना आणि बोरी भीमेला मिळून कृष्णेच्या खोऱ्यात जातात. निसर्गाने केलेल्या या दोन वाटण्यांवर शासनाने आपल्या वाटण्या रचल्या आहेत. लहान पाझर तलाव व बंधारे जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठे मृद व जलसंधारण खात्याकडे, मध्यम व मोठे प्रकल्प जलसंपदा खात्याकडे, आणि त्यातही खोरे बदलले की महामंडळ बदलते. एकाच ओढ्यावरचा वरचा तलाव एकाचा, खालचा बंधारा दुसऱ्याचा आणि तो ओढा ज्या नदीला मिळतो तिच्यावरील धरण तिसऱ्याचे. भरावातून पाणी झिरपू लागले की शेतकरी अर्ज घेऊन निघतो आणि प्रत्येक कचेरीत त्याला पुढच्या कचेरीचा पत्ता मिळतो. बांधकामाच्या वेळी मात्र हे काम आमचे नव्हे, असे कोणतेही खाते म्हणत नाही.

नळदुर्गच्या किल्ल्यातील बोरी नदीवरचा बांध आपल्याकडे मोठ्या अभिमानाने दाखविला जातो, आणि तो अभिमान रास्त आहे. इ.स. १६१३ मध्ये, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, काळ्या दगडात बांधलेला हा बांध मुख्य किल्ला आणि रणमंडळ यांना जोडतो. त्याच्या पोटात पाणीमहाल आहे. वरच्या अंगाचे बोरी धरण भरून वाहू लागले की आजही ‘नर’ आणि ‘मादी’ या दोन वाटांनी पाणी खाली कोसळते आणि आतल्या महालात उभे राहून ते पाहता येते. लोक धबधबा पाहतात. पाहण्यासारखी गोष्ट आणखी एक आहे : पुराचे जादा पाणी कोठून जाणार, हे बांधणाऱ्याने आधी ठरविले होते. सांडवा हा धरणाचा प्राण, हे त्या कारागिराला कळले होते. (तो बांध राजाच्या किल्ल्यासाठी होता, खालच्या कुळवाड्याच्या शेतासाठी नव्हता, हेही विसरू नये. सरंजामशाहीचे गोडवे गाण्याचे आम्हांस कारण नाही.) लोकांच्या राज्यात बांधलेल्या पाझर तलावांचे सांडवे झुडपांनी बुजतात, काही ठिकाणी आणखी थोडे पाणी साठावे म्हणून ते दगडमाती टाकून उंच केले जातात, आणि मग पाणी भरावाच्या माथ्यावरून जाते. मातीचा भराव आणि माथ्यावरून जाणारे पाणी यांची गाठ पडली की पुढे काय होते, हे सांगायला अभियंता लागत नाही.

या तलावांपैकी कितीतरी १९७२ च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीच्या कामांवर उभे राहिले. खडी फोडणाऱ्या, पाट्या वाहणाऱ्या बायकांनी आणि पुरुषांनी तुटपुंज्या मजुरीवर ते बांधले. त्या भरावांवर आज वेडी बाभूळ माजली आहे. झाड जिवंत असते तोवर मूळ माती धरते; झाड वाळले की मूळ कुजते आणि भरावाच्या पोटात पाण्याला आयती नळी मिळते. झिरपणारे पाणी स्वच्छ असेल तर चिंता बेताची. ते गढूळ झाले तर ते भराव पोखरून माती बरोबर नेत आहे असे समजावे. हा फरक ओळखायला यंत्र लागत नाही, फक्त पावसाळ्यात रोज तेथे जाणारे आणि कालचे पाणी कसे होते ते आठवणारे डोळे लागतात.

चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि वीसांहून अधिक माणसे दगावली. गळतीची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केली होती. तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी ठपका खेकड्यांवर ठेवला. हेच मंत्रिमहोदय त्याच वर्षी आमच्या परंडा मतदारसंघातून विधानसभेवर गेले, म्हणून हा प्रसंग या जिल्ह्याला परका नाही. त्या विधानावर महाराष्ट्र पुष्कळ हसला. वस्तुतः खेकडे भरावात बिळे करतात, हे खोटे नाही. म्हणूनच तर भरावाची पाहणी करायची असते. खेकड्याने बीळ केले असेल तर ते वेळीच हेरून बुजविणारा माणूस कोठे होता आणि त्याचे पद कोणी रिकामे ठेवले, हे मंत्र्यांनी सांगायला हवे होते.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांची कथा याहून साधी आहे, आणि म्हणून अधिक लाजिरवाणी. या बंधाऱ्यात दगडी खांबांच्या खाचांत फळ्या बसवायच्या असतात. पूर्वी लाकडी फळ्यांच्या दोन रांगा लावून मधे चिखलमाती भरीत; पुढे लोखंडी दारे आणि रबरी पट्ट्या आल्या. पावसाळ्यात खाचा मोकळ्या ठेवायच्या, म्हणजे पूर आणि गाळ दोन्ही निघून जातात. पाऊस सरता सरता दारे बसवायची, म्हणजे वाहते पाणी रब्बीसाठी अडते. सगळी कला त्या पंधरवड्यात आहे. घाई केली आणि परतीचा पाऊस कोसळला तर नदी बंधारा सोडून काठ फोडते व शेजारचे शेत घेऊन जाते. उशीर केला तर पाणी निघून जाते आणि बंधारा कोरड्या पात्रात उभा राहतो. मराठवाड्यात मोठा पाऊस पुष्कळदा सप्टेंबरातच येतो, तेव्हा हा निर्णय येथे अधिक अवघड. तो नदीकाठी राहणाऱ्याने घ्यावा की तालुक्याच्या गावी बसलेल्या, चार-चार शाखांचा कार्यभार सांभाळणाऱ्या अभियंत्याने? आज दारे बसविण्याचे काम निविदा काढून दिले जाते. निविदेला विलंब होतो, नदीला होत नाही. दारे उघड्यावर पडून गंजतात, भंगारात जातात, चोरीला जातात. मांजरा आणि तेरणा यांवर आता उचलत्या दारांचे उच्च पातळी बंधारे झाले आहेत. त्यांना वीज, वंगण आणि रात्री अपरात्री दार उचलणारा जाणता कामगार हवा. लोखंड सुधारले, माणूस मात्र कंत्राटी झाला.

सीना-कोळेगावसारख्या दारे असलेल्या धरणावर आणखी एक पेच असतो. दुष्काळी मुलखात धरण भरले की सर्वांना हायसे वाटते. पाणी आधी सोडावे आणि मागून पाऊसच न यावा, ही भीती अधिकाऱ्याच्या मनात असते आणि ती अनाठायी नाही. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा कोरडी पडल्यामुळे लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे कोण विसरेल? पण धरण काठोकाठ ठेवून वरचा पूर आला की तो एकदम खाली सोडावा लागतो, आणि त्याची झळ परंड्याला बसते तशी खाली माढा-मोहोळलाही बसते. पाणी केव्हा, किती सोडणार याचे वेळापत्रक नदीकाठच्या गावांना आधी कळले पाहिजे. ते बंद दारांआड ठरते, तोवर भोंगा वाजला काय आणि न वाजला काय, सारखेच.

लोहारा तालुक्यातील माकणीच्या निम्न तेरणा धरणाची गोष्ट वेगळ्या प्रकारची आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, किल्लारी आणि सास्तूर उद्ध्वस्त झाली, हजारो माणसे झोपेत गाडली गेली. जवळच्याच या जलाशयाचा त्या भूकंपाशी संबंध आहे काय, यावर शास्त्रज्ञांत मतभेद झाले. तो वाद त्यांचा. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, त्या वेळच्या नकाशात हा टापू सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या भूकंपक्षेत्रात होता आणि २००२ च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या क्षेत्रात आला. जुन्या समजुतीवर उभ्या असलेल्या प्रत्येक भरावाची नव्या नकाशानुसार फेरतपासणी झाली काय, तिचा अहवाल काय म्हणतो, हे भूकंपात घर गमावलेल्या माणसाला त्याच्या भाषेत वाचायला मिळाले पाहिजे.

संसदेने २०२१ मध्ये धरण सुरक्षा कायदा केला. पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासणी, पूर वा भूकंपानंतर तपासणी, आणीबाणीचा आराखडा, या गोष्टी त्यात आहेत आणि त्यांचे स्वागतच केले पाहिजे. परंतु तो कायदा पंधरा मीटरांहून उंच आणि काही अटींवर दहा ते पंधरा मीटर उंचीच्या धरणांपुरता आहे. गावोगावचे पाझर तलाव आणि बंधारे बहुतांशी त्याच्या बाहेर राहतात. देशात सर्वाधिक मोठी धरणे असलेल्या या राज्याने बाकीच्यांची काळजी घेणारी माणसे तरी राखावीत, तर कालवा निरीक्षक, मोजणीदार, चौकीदार ही पदे वर्षानुवर्षे रिकामी ठेवली जातात. अंदाजपत्रकात बांधकाम म्हणजे विकास आणि देखभाल म्हणजे खर्च. पूर्वी देखभाल ‘योजनेतर’ रकान्यात पडे आणि काटछाटीची कुऱ्हाड पहिली तिच्यावर येई. केंद्राने २०१७ मध्ये तो रकाना काढला, मनोवृत्ती काढली नाही. याचे कारण उघड आहे. नव्या कामात ठेकेदाराला नफा आहे आणि नेत्याला कोनशिला आहे. बाभूळ तोडण्यात आणि फळ्या बसविण्यात यांपैकी काहीच नाही.

पाणीवापर संस्थांना २००५ च्या कायद्याने व्यवस्थापनाचा अधिकार दिला, त्यांनीच सांभाळावे, असे काही जण म्हणतील. तत्त्वतः हे आम्हांस मान्य आहे. लोकांचे पाणी लोकांच्या हाती असावे, यासारखे दुसरे काय? पण मोडकी दारे, गळका भराव आणि रिकामी तिजोरी हवाली करणे याला अधिकारदान म्हणता येत नाही. आधी दुरुस्ती करून द्या, पाणीपट्टीचा वाटा त्याच धरणावर खर्च होऊ द्या, आणि संस्थेत उसाच्या मोठ्या बागाईतदाराइतकाच शेपटाकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला व शेतमजुराला आवाज द्या.

कृष्णेचे पाणी मराठवाड्यात आणण्याच्या योजनेवर हजारो कोटी खर्च होत आहेत. ते पाणी आलेच पाहिजे, तो या भागाचा हक्क आहे. पण ते येऊन साठणार कोठे? याच तलावांत आणि याच बंधाऱ्यांत. म्हणून पुढचा पावसाळा येण्यापूर्वी जिल्ह्यातील प्रत्येक तलावावर आणि बंधाऱ्यावर एक फलक लागला पाहिजे : मालक कोण, दारे बसविणारा व काढणारा कोण, शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली, आणि गढूळ पाणी दिसल्यास रात्री कोणाला उठवायचे. या फलकाला रंगाचा एक डबा लागेल. त्यावर लिहायला नावे मात्र शासनाला नेमणुका करूनच मिळतील.