डक्ट साफ केले की खोकला थांबतो का?

अमेरिका-कॅनडातल्या वाचकांचा एक प्रश्न दर ऑक्टोबरात न चुकता येतो. "घरातले एअर डक्ट साफ करून घ्यायचे का? मुलीला सारखा खोकला आहे." कधी हाच प्रश्न पुण्या-नाशिकचे आजी-आजोबा विचारतात, कारण मुलाने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर डक्टच्या आतला काळाकुट्ट फोटो टाकलेला असतो आणि तो बघून यांची झोप उडालेली असते.

उत्तर आधी सांगते, कारणे मग. बहुतेक घरांत या सफाईची गरज नसते. दमा, ॲलर्जी किंवा खोकल्यावरचा उपाय म्हणून तर ती करूच नये. मोजक्या परिस्थितीत मात्र ती करावीच लागते. त्या परिस्थिती कोणत्या, ते पुढे येईलच.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे. तिकडच्या बहुसंख्य घरांत खोलीगणिक वेगळा एसी नसतो. तळघरात, गॅरेजमध्ये किंवा माळ्यावर एक फर्नेस आणि एक कूलिंग कॉइल असते. मोठा पंखा घरातली हवा 'रिटर्न' जाळीतून ओढतो, ती फिल्टरमधून जाते, गरम किंवा थंड होते आणि पत्र्याच्या किंवा लवचीक नळ्यांमधून खोल्याखोल्यांत परत येते. या नळ्या म्हणजे डक्ट. यात फिरते ती मुख्यतः घरातलीच हवा, पुन्हा पुन्हा. त्यामुळे डक्टमध्ये दिसणारी धूळही घरातूनच तिथे गेलेली असते: तुमच्या गालिच्यातून, गाद्यांतून, कपड्यांतून, कुत्र्या-मांजराच्या अंगावरून.

हा विषय आत्ताच एवढा का गाजतो आहे

घरातल्या हवेकडे लोकांचे लक्ष गेले ते कोविडमध्ये. हवेतून विषाणू पसरतो हे पटल्यावर फिल्टर, प्युरिफायर, अतिनील दिवे यांची बाजारपेठ उघडली. मग जून २०२३ मध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर न्यूयॉर्क-न्यू जर्सीवर उतरला. ७ जूनला न्यूयॉर्कचा हवा निर्देशांक ४०० च्या वर गेला आणि आकाश नारिंगी झाले. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या पॅलिसेड्स आणि ईटन वणव्यांत १६ हजारांहून अधिक इमारती जळाल्या. "आपण घरात काय श्वास घेतो" ही भीती खरी आहे आणि तिला कारणही आहे. डक्ट सफाईचा धंदा नेमका या भीतीवर उभा राहिला आहे.

गावच्या फेसबुक ग्रुपवर "९९ डॉलरमध्ये संपूर्ण घर" अशी जाहिरात येते. माणूस व्हॅक्युम घेऊन येतो, जाळी उघडतो, मोबाइलवर फोटो दाखवतो आणि म्हणतो, "यात तर बुरशी आहे, तुमच्या घरात लहान मूल आहे ना?" तिथून बिल कुठवर जाईल याचा नेम नाही. ग्राहकांच्या तक्रारी हाताळणारी बेटर बिझनेस ब्युरो ही संस्था अशा जाहिरातींबद्दल सावध करत आली आहे. या व्यवसायातल्या कंपन्यांची संघटना, नाडका, हीसुद्धा असल्या स्वस्त 'फुंकून जाणाऱ्या' टोळ्यांपासून ग्राहकांना सावध करते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या, माहितीनुसार नीट केलेल्या कामाला एका यंत्रणेमागे साधारण ४५० ते १,००० डॉलर लागतात. तेव्हा ९९ डॉलरमध्ये काय मिळेल याचा अंदाज तुम्हीच करा.

पुरावा काय सांगतो

ईपीएने या विषयावर घरमालकांसाठी १९९७ साली एक पुस्तिका काढली. तिचे म्हणणे असे: डक्ट साफ केल्याने आजार टळतात असे कधीही सिद्ध झालेले नाही. डक्ट मळलेले असले म्हणून खोलीतल्या हवेतली धूळ वाढते, किंवा साफ केल्यावर ती कमी होते, असेही अभ्यासांतून ठामपणे दिसलेले नाही. कॅनडाच्या सरकारी गृहनिर्माण संस्थेचाही घरमालकांना हाच सल्ला आहे: सफाईने श्वासातल्या हवेत सहसा फरक पडत नाही आणि हीटिंगचे बिलही फारसे उतरत नाही.

हे ऐकून आश्चर्य वाटते. नळीत धूळ, नळीतून हवा, मग धूळ नाकात, असा सरळ हिशेब डोक्यात असतो. पण डक्टच्या भिंतीला चिकटलेली धूळ बरीचशी तिथेच राहते. हवेत सतत मिसळत असते ती तुमच्या चालण्या-फिरण्याने, झाडण्याने, स्वयंपाकाने उडणारी. उलट कच्च्या हाताने, कमी ताकदीच्या व्हॅक्युमने सफाई केली, तर चिकटून बसलेली धूळ सुटून घरभर होते. लवचीक नळ्या फाटतात, सांधे निखळतात, ते वेगळेच.

फोटोबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवा. रिटर्नच्या नळीतून हवा फिल्टरच्या *आधी* जाते, त्यामुळे ती बाजू प्रत्येक घरात धुळकट असते. तिचा फोटो काढून घाबरवणे म्हणजे केराच्या टोपलीत केर सापडला म्हणून ओरडणे. आणि काळा डाग दिसला म्हणजे बुरशीच, असेही नाही. खात्री प्रयोगशाळाच देऊ शकते. पारदर्शक चिकटपट्टीवर घेतलेला नमुना काही प्रयोगशाळा थोड्या पैशांत तपासून देतात. सफाईवाल्याच्या डोळ्यांवर हजार डॉलर लावू नका.

नाडकाची बाजू न्यायाने सांगायला हवी. तिच्या मते यंत्रणेची नियमित तपासणी व्हावी आणि काम करताना संपूर्ण यंत्रणा उणे दाबाखाली ठेवून, पंखा आणि कॉइलसकट स्वच्छ करावी. कॉइल आणि पंख्यावर जाड थर साचला तर यंत्रणेची क्षमता घटते, यात तथ्य आहे. पण हा मुद्दा यंत्राच्या देखभालीचा झाला. माझ्याकडे येणारा प्रश्न खोकल्याचा असतो.

मग सफाईनंतर खोकला कमी कसा होतो?

"डॉक्टर, आमच्याकडे तर फरक पडला" असे सांगणारे भेटतात आणि ते खोटे बोलत नसतात. कॅलेंडर बघा. ऑक्टोबरात थंडी पडते, फर्नेस सुरू होते, पहिल्या दिवशी साचलेली धूळ तापून जळकट वास येतो. त्याच सुमारास शाळा-पाळणाघरांत विषाणूंचा हंगाम सुरू होतो. लहान मुलांना वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी होणे नेहमीचे आहे. पाळणाघराच्या पहिल्या वर्षात त्याहून जास्त. एका सर्दीचा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो आणि तो संपतो न संपतो तोच दुसरी सर्दी येते. आईबाबांना वाटते, फर्नेस लावली आणि खोकला सुरू झाला. सगळ्यात वाईट आठवड्यात ते सफाईवाल्याला बोलावतात. पुढच्या आठवड्यात विषाणूची मुदत संपते आणि श्रेय डक्टला जाते. डिसेंबरात पुन्हा खोकला आला की तेच गृहस्थ म्हणतात, "फवारणी करायची राहिली होती."

फर्नेसचा खरा त्रास असतो तो कोरड्या हवेचा. नाक-घसा कोरडा पडतो, रात्री खोकला उठतो. घरात ३० ते ५० टक्के आर्द्रता राखली की बरे वाटते. स्वस्तातला आर्द्रतामापक त्यासाठी पुरतो. मात्र ह्युमिडिफायर दिवसरात्र चालवून ५० च्या वर गेलात तर गादीतले धुळीचे किडे आणि खिडकीवरची बुरशी दोघांची सोय होते.

मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आपल्या घरांत स्टेरॉइडच्या इन्हेलरची धास्ती आहे: "सवय लागेल", "एवढ्या लहान पोराला पंप?" त्यात कोणी सांगितले की दोष डक्टमध्ये आहे, तर मोठा दिलासा मिळतो. औषध लांबणीवर पडते. घर साफ होते, श्वासनलिकेची सूज तशीच राहते आणि एका रात्री पोराला घेऊन इमर्जन्सी गाठावी लागते. नियंत्रणात नसलेल्या दम्याला रोज घ्यायचा कमी मात्रेचा स्टेरॉइड इन्हेलर हाच भक्कम आधार आहे. मुलाचा इन्हेलर चालू असेल तर सफाई झाली म्हणून तो स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आपल्या घरांतला धूर

आता एक घरचा मुद्दा, जो अमेरिकी पत्रकांत सापडणार नाही. जानेवारीत न्यू जर्सीतल्या घट्ट बंद घरात तुम्ही मोहरी-हिंगाची फोडणी देता, मिरच्या तळता, तव्यावर भाकरी भाजता. शेगडीवर धुरांडे आहे, पण पुष्कळ घरांत ते धूर बाहेर सोडतच नाही. एका जाळीतून गाळून तुमच्याच तोंडावर परत सोडते. फोडणी-तळणाच्या धुरातले अतिसूक्ष्म कण, पीएम २.५, छातीत खोलवर जातात. गॅसची शेगडी असेल तर नायट्रोजन डायऑक्साइड वेगळा. वर देवापुढे उदबत्ती आणि धूप. डक्टला चिकटून बसलेल्या धुळीपेक्षा दमेकरी मुलाला याचा उपद्रव कितीतरी जास्त आहे, असे माझे मत आहे. फोडणी बंद करा असे मी म्हणणार नाही, माझ्याच घरी कोणी ऐकणार नाही. धुरांडे बाहेर उघडते का ते बघा, शक्य असेल तर तसे करून घ्या, मागच्या शेगडीवर तळा, तळताना खिडकी चार बोटे उघडी ठेवा, उदबत्ती झोपायच्या खोलीपासून दूर लावा.

सफाईचे पैसे बाजूला काढलेच असतील, तर ते कुठे लावावेत? आधी फिल्टरवर. तुमच्या यंत्रणेला पेलत असेल तर मर्व्ह १३ दर्जाचा फिल्टर घाला. कोविडकाळात ॲशरे या तांत्रिक संस्थेनेही तोच दर्जा सुचवला होता. जुन्या यंत्रणेवर दाट फिल्टरचा ताण येतो, म्हणून तंत्रज्ञाला विचारूनच. एक ते तीन महिन्यांनी बदला, धुराच्या दिवसांत त्याहून लवकर. दमेकरी मुलाच्या खोलीत हेपा प्युरिफायर ठेवा. धुळीच्या किड्यांची ॲलर्जी असेल तर चादरी-उशांचे अभ्रे दर आठवड्याला गरम पाण्यात, साधारण ५५ अंशांवर, धुवा. ते किडे गादीत राहतात.

त्याहून महत्त्वाचे, प्रत्येक मजल्यावर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा आणि हिवाळ्याआधी फर्नेस तपासून घ्या. या वायूला वास नसतो. आगीशी संबंध नसलेल्या विषबाधेने अमेरिकेत दर वर्षी ४०० हून अधिक लोक दगावतात. घरातल्या सगळ्यांचे डोके एकाच वेळी दुखत असेल आणि बाहेर पडल्यावर थांबत असेल, तर आधी सगळे बाहेर या, मग ९११ ला फोन करा. कपडे वाळवण्याच्या यंत्राचा, ड्रायरचा, बाहेर जाणारा पाइपही याच यादीत. तिथे साचलेल्या कापसाने आग लागते. अग्निशमन प्रशासनाच्या आकडेवारीत ड्रायरच्या वर्षाला सुमारे २,९०० आगी आहेत आणि सफाई न करणे हे त्यांचे सर्वांत मोठे कारण आहे. तो पाइप मात्र जरूर साफ करून घ्या. तळघर असेल तर रेडॉनचीही एकदा चाचणी करा. तिचे किट स्वस्त मिळते.

डक्ट साफ करायचेच, ते कधी?

ईपीए तीन प्रसंग सांगते. डक्टच्या आत किंवा यंत्रणेच्या इतर भागांवर डोळ्यांना दिसेल इतकी भरपूर बुरशी असेल. उंदीर किंवा किडे आत नांदत असतील. किंवा नळ्या इतक्या तुंबल्या असतील की जाळीतून खरोखरच धूळ खोलीत पडते आहे. यात मी आणखी दोन घालीन. घराचे मोठे काम झाले, भिंती घासल्या आणि तेव्हा जाळ्या झाकलेल्या नव्हत्या. किंवा शेजारची वस्ती वणव्यात जळाली आणि राख घरात शिरली. लॉस एंजेलिससारख्या आगीनंतरच्या राखेत जुन्या घरांतले शिसे आणि ॲस्बेस्टॉस असू शकते, तिथे जाणकाराला बोलावणे योग्यच. शेकडो मैलांवरचा धूर दोन दिवस येऊन गेला असेल तर नवा फिल्टर पुरे.

बुरशी सापडली तर आधी पाणी कुठून येते ते शोधा. ओल तशीच राहिली तर सफाईनंतर ती परत येईल. सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळाच्या पावसाने न्यू जर्सीत तळघरे भरली. तशा पुरात डक्टचे आतले काचतंतूचे अस्तर भिजून बुरसटले, तर ते स्वच्छ होत नाही, काढून नवेच घालावे लागते. त्यावर जंतुनाशक फवारू देऊ नका. तशा अस्तरासाठी ईपीएकडे नोंदवलेले कोणतेही जंतुनाशक नाही. ओझोन सोडणारी यंत्रे तर दारातूनच परत पाठवा, ओझोनने दमा बळावतो. "आम्ही ईपीए-प्रमाणित आहोत" असे कोणी म्हणाला तर तिथेच थांबा. ईपीए कोणत्याही डक्ट सफाईवाल्याला प्रमाणपत्र देत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी यातून स्प्लिट एसीपुरते एवढेच घ्यावे: आतली प्लास्टिकची जाळी दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुऊन, वाळवून परत बसवा, आणि वर्षातून एकदा नेहमीची सर्व्हिसिंग करा. "अँटी-बॅक्टेरियल फवारणी"चे जादा पैसे मागितले तर नको म्हणा.

आणि खोकला? तो चार आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, रात्री झोपेतून उठवत असेल, छातीत शिट्टीसारखा आवाज येत असेल, मूल खेळताना दमून बसत असेल किंवा वजन घटत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर त्याच क्षणी निघा. जाताना झोपेत खोकणाऱ्या मुलाचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढून न्या. आम्हाला डक्टच्या फोटोपेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो.