वसईचं वैविध्य पाण्यावर तगलंय

वसईत सामवेदी बोलणारे कुपारी ख्रिस्ती, वाडवळ, आगरी, कोळी पिढ्यान्‌पिढ्या शेजारी आहेत. नालासोपाऱ्याकडे वळलं की कानावर भोजपुरी, गुजरातीही पडते.

पोर्तुगीजांनी १५३४ पासून इथे राज्य केलं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला. सत्ता गेली, चर्च राहिली आणि त्यांतली प्रार्थना मराठीत होऊ लागली. २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच मातीतले. फादर असूनही, किंवा म्हणूनच, ते हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले.

कारण इथली केळी, सुकेळी, फुलं, पानवेली सगळं बावखलांच्या, म्हणजे वाड्यांतल्या छोट्या तळ्यांच्या, गोड्या पाण्यावर उभं आहे.

२००९ मध्ये वसई-विरार महापालिका आली, तेव्हा अनेक गावांनी विरोध केला. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बारा लाखांवर होती. जुलै २०१८ च्या पावसात रुळांवर पाणी चढलं आणि लोकल थांबल्या. त्याचा त्रास वाडीतल्या कुपाऱ्याला झाला, तसाच चाळीतल्या परप्रांतीयालाही.

म्हणून ‘स्थानिक विरुद्ध उपरे’ हा वाद निरर्थक आहे. महापालिकेने पावसाचं पाणी सामावून घेणारी उरलेली बावखलं आणि पाणथळ जागा विकास आराखड्यात राखीव ठेवाव्यात, आणि त्यांवर भराव टाकणाऱ्यांची बांधकाम परवानगी थेट रद्द करावी.