धूर म्हणजे शुद्धी नव्हे



चातुर्मास जवळ आला की घरोघरी चौक्याची तयारी सुरू होते. डाळी निवडून होतात, पीठ दळून ठेवलं जातं, पाणी गाळायला नवं जाड कापड आणलं जातं. आणि दरवर्षी कुणीतरी हमखास म्हणतं, "चौका चुलीवरच हवा आणि चूल जुन्या पद्धतीचीच हवी. धुराडं-बिराडं काही नको. धुरानं स्वयंपाकघर शुद्ध होतं, जीवजंतू मरतात."

माझं भांडण या वाक्याशी आहे. चुलीशी नाही. ज्यांच्या घरी आहारदानासाठी चूल पेटते, ज्यांच्या शेतातल्या तुरकाट्या नाही तर पऱ्हाट्या जळणाला येतात, त्यांनी ती जरूर ठेवावी. गॅसवर शिजवणारीनं स्वतःला कमी प्रतीची श्राविका समजू नये. अग्निकायिक जीव दोन्हीकडे आहेत, निळ्या ज्योतीतही आणि लाल ज्योतीतही. पण चूल ठेवायची तर धूर बाहेर नेणारीच ठेवायची, हे मी ठासून सांगणार आहे, आणि धर्माच्या आधारानंच सांगणार आहे.

"धुरानं जंतू मरतात" हे कौतुकानं सांगणाऱ्यांना माझा साधा प्रश्न आहे. आपण पाणी गाळतो तेव्हा कापडात अडकलेले जीव फेकून देत नाही. जिवाणी म्हणून ती ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत सोडतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवासाठी एवढी धडपड करणाऱ्या घरात, धुरानं किडे मरतात ही अभिमानाची गोष्ट कधीपासून झाली? मारणं हीच शुद्धी असेल तर मग आपण इतकी वर्षं पाणी कशाला गाळतो आहोत?

आणखी एक गोष्ट. मुनींच्या आहारशुद्धीत जे दोष सांगितले आहेत, त्यांत दोन नावं अंगार आणि धूम अशी आहेत. आसक्तीनं जेवणं हा अंगार दोष, जेवणाची निंदा करत, कुढत जेवणं हा धूम दोष. म्हणजे आचार्यांना दोषाला नाव द्यायचं झालं तेव्हा धूर आठवला. आपण मात्र त्याला गुण करून बसलो आहोत.

धूर म्हणजे नीट न जळलेलं लाकूड. त्यात काजळीचे इतके बारीक कण असतात की ते नाकात, घशात न अडकता थेट फुप्फुसात उतरतात. कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. वर्षानुवर्षं हा धूर घेणाऱ्या बाईला दमा नसतानाही दम लागतो, खोकला जात नाही, डोळ्यांत मोतीबिंदू लवकर येतो. गरोदरपणी घेतलेल्या धुरानं बाळ कमी वजनाचं जन्माला येऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, घरात जळणाऱ्या अशा इंधनांच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसं गेली. त्यांत पाच वर्षांखालची दोन लाखांहून जास्त मुलं होती.

उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना मुळाशी प्रमाद ठेवला आहे. बेफिकिरीनं कुणाच्या प्राणांना इजा होणं ही हिंसा. आता विचार करा. घरची सून दोन तास चुलीपुढे बसते, डोळे चोळते, खोकते, फुंकणीनं फुंकते. उपाय माहीत आहे, परवडणारा आहे, आणि तरी आपण करत नाही. याला प्रमाद नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? लाकडातल्या द्वींद्रिय, त्रींद्रिय जिवाची काळजी करणाऱ्या घराला चुलीपुढचा पंचेंद्रिय जीव दिसत नाही!

"आमच्या आजी-पणजीनं असंच केलं, त्या नव्वद वर्षं जगल्या." ज्या जगल्या त्या दिसल्या. ज्या चाळिशीत खोकून गेल्या त्यांच्या मरणाला "छातीचं दुखणं" म्हटलं गेलं, चुलीचं नाव कुणी घेतलं नाही.

"धुराडं ही नवी, बाहेरून आलेली गोष्ट." मग परसातल्या तांब्याच्या बंबाकडे एकदा बघा. त्याच्या पोटातून मधोमध उभी नळी जाते. खाली जाळ, वर नळीचं तोंड. गरम हवा वर चढते, तिच्या ओढीनं खालून ताजी हवा आत येते, म्हणून बंब लवकर पेटतो आणि धूर वरून निघून जातो. याच बंबाच्या पाण्यानं आंघोळ करून आपण सोवळ्यात येतो. बंबाला नळी चालते, त्यानं सोवळं बाटत नाही. मग चुलीलाच का नको? मला यात धर्म कुठे दिसत नाही. आंघोळीचं पाणी सगळ्यांना लागतं आणि धूर एकटीच खाते, एवढाच फरक दिसतो.

बिनधुराची चूल आपल्याच मातीतली आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचं काम चालायचं, तिथे मगन चूल तयार झाली. हैदराबादच्या राजूंनी १९५३ मध्ये बिनधुराच्या स्वयंपाकघरांवर पुस्तिका काढली. पुढे १९८० च्या दशकात सरकारनं सुधारित चुलींचा देशभर कार्यक्रम घेतला. दोन भांड्यांची, धुराड्याची लक्ष्मी चूल महाराष्ट्रात अनेकींनी पाहिली असेल. तो कार्यक्रम २००२ मध्ये थांबला. पुष्कळ चुली त्याआधीच बंद पडल्या होत्या. पाइप फुटला तर कुणी बदलला नाही, काजळी कुणी काढली नाही, मोठं पातेलं बसावं म्हणून तोंड फोडून रुंद केलं गेलं आणि धूर पुन्हा घरात आला. म्हणून चूल बांधली की काम संपलं असं नाही. तिची निगा हाही यत्नाचारच.

तेव्हा या वर्षी कुणी बांधणार असेल तर एवढं बघा.

जागा बाहेरच्या भिंतीला लागून घ्या. वर लाकडी माळा नको, शेजारी प्लायवूडचं कपाट नको, गॅसची टाकी त्या खोलीतच नको. फ्लॅटमध्ये लाकडाची चूल बांधू नका. इमारतीतली पाइपांची मोकळी डक्ट म्हणजे धुराडं नव्हे, तिथला धूर वरच्या घरात शिरतो.

चूल ओट्यावर बांधा, म्हणजे वाकून बसावं लागणार नाही आणि रांगतं मूल निखाऱ्याशी जाणार नाही. चुलीचं तोंड लहान ठेवा. आत लोखंडी जाळी बसवा, म्हणजे राख खाली पडेल आणि हवा खालून मिळेल. मागे वैल आणि वैलाच्या मागे धुराडं. भांडी आधी ठरवा आणि त्यांच्या मापानं तोंडं करा. भांडं घट्ट बसलं नाही तर फटीतून धूर येणारच. वैलावर काही ठेवायचं नसेल तेव्हा झाकण ठेवा.

धुराड्याला चार इंची पाइप पुरतो. तो शक्य तितका सरळ वर जाऊ द्या, काटकोनात वळवू नका. छपराच्या वर नीट बाहेर काढा, निदान तीन फूट. वर पावसासाठी टोपी आणि चिमण्या आत घरटं करू नयेत म्हणून मोठ्या भोकांची जाळी लावा. लाकडी वासा, गवत, कापड पाइपापासून दीड फूट लांब ठेवा. पाइप छपरातून जातो तिथे भोवती पत्र्याचं वेगळं कडं हवं. प्लॅस्टिकचा पाइप कधीही लावू नका. सिमेंटचा जुना पाइप अॅस्बेस्टॉसचा असू शकतो, तो कापू किंवा घासू नका.

काजळी साठली की पाइप अरुंद होतो, धूर मागे फिरतो आणि एखाद दिवशी ती काजळीच पेट घेते. रोज चूल पेटत असेल तर महिन्यातून एकदा, ओलसर जळण असेल तर त्याआधीच, दोरीला चिंधी किंवा ब्रश बांधून वरून खाली ओढा. चूल बरेच दिवस बंद असेल तर पेटवण्याआधी पाइपात डोकवा. कुंभारमाशीचं मातीचं घर, कोळ्याची जाळी, पाखराचं घरटं असू शकतं. इथे आपली अहिंसा आणि आपली सुरक्षितता एकच काम सांगतात.

जळणाचंही तसंच. पाऊस सुरू व्हायच्या आत, मृगाच्या आधी, ते फोडून, वाळवून, जमिनीपासून वर रचून, झाकून ठेवा. ओलं लाकूड आधी स्वतःतलं पाणी जाळतं, म्हणून ते धुमसतं आणि धूर करतं. पावसाळ्यात लाकडात त्रस जीव वाढतात, त्यामुळे आधी साठवलेलं कोरडं लाकूड दोन्ही अर्थांनी बरं. प्रत्येक तुकडा आपटून, उलटून बघा. वाळवी लागलेला, भोकं पडलेला, भुसा गळणारा तुकडा बांधावर सोडून द्या, जाळू नका. शेणीत किडे असतात आणि धूरही लाकडापेक्षा जास्त, म्हणून चौक्यात ती नकोच. लाकडी कोळसा "शुद्ध" म्हणून आणणाऱ्यांनी आठवावं, श्रावकानं टाळायच्या पंधरा उद्योगांच्या यादीची सुरुवातच कोळसा पाडणं आणि जंगल तोडणं यांनी होते. जो धंदा करायचा नाही, त्याच्या मालाला निदान शुद्ध तरी म्हणू नये.

पेटवताना चूल मऊ कुंच्यानं झाडून घ्या. पदर खोचा, सिंथेटिक साडी नको. वाळक्या काटक्यांनी पेटवा. रॉकेल नको, प्लॅस्टिकची पिशवी तर मुळीच नको. खिडकी उघडी हवी. दारं-खिडक्या लावून एक्झॉस्ट पंखा सुरू केला तर तो धूर धुराड्यातून उलटा खेचतो. जाळ लागेल तेवढाच करा, म्हणजे सूर्यास्ताआधी तो आपोआप शांत होईल. राखेत निखारा रात्रभर जिवंत राहतो, म्हणून राख झाकणाच्या लोखंडी डब्यात काढा, प्लॅस्टिकच्या बादलीत नाही.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. बाळंतिणीच्या बंद खोलीत निखाऱ्याची शेगडी ठेवू नका. निखाऱ्याला धूर नसतो म्हणून ती निर्धोक वाटते. पण तो बिनवासाचा वायू निखाऱ्यातूनच जास्त निघतो. आईला झोप आली असं वाटतं, ती झोप नसते. शेक गरम पाण्याच्या पिशवीनंही देता येतो.

आता शेवटचं, खर्चाचं. "कशाला एवढा खर्च?" असं विचारणाऱ्यांच्याच मंडळात मंडपाच्या झालरीला, फ्लेक्सला, सत्काराच्या शालींना पैसे असतात. एका चौक्याच्या चुलीला जाळी, पाइप आणि गवंड्याची मजुरी एवढंच लागतं. ज्या गावात वर्षायोग ठरला आहे तिथल्या मंडळानं पहिला खर्च हा करावा. आहारदानाचं पुण्य सगळ्या घराला हवं असतं, तर छपरावर चढून पाइप साफ करण्याचं काम घरातल्या पुरुषांनी घ्यावं. आपल्याला ते करू नका असं कुठल्याही शास्त्रात सांगितलेलं नाही.

मुनिराज एकदाच, उभ्यानं, ओंजळीत आहार घेतात. तो देणाऱ्या हातांमागे लाल डोळे आणि दाबून धरलेला खोकला असेल, तर त्या आहाराला आपण शुद्ध म्हणायचं कशाच्या जोरावर? पुढच्या वेळी कुणी म्हणालं की धूर शुद्ध असतो, तर त्यांना पाट मांडून द्या आणि फुंकणी हातात द्या. दोन तासांनी पुन्हा विचारा.