जूनच्या आधी शिकवा

बँकेत प्रशिक्षणाचा विषय काढला की नांदेड-लातूरकडच्या शाखांतून ठरलेलं उत्तर येतं : आधी माणसं द्या, मग शिकवा. माणसं कमी आहेत हे खरंच आहे. पण म्हणून शिकवणं पुढं ढकलायचं, हा निष्कर्ष साफ उलटा आहे.

जूनमध्ये एखाद्या ग्रामीण शाखेत जाऊन पाहा. सोयाबीनच्या पेरणीआधी पीक कर्जाचं नवं-जुनं करायला शेतकरी सातबारा, आठ-अ घेऊन उभा असतो. समोरचा अधिकारी परीक्षा देऊन आलेला, हुशार. पण जमीन सामाईक खात्यात असली तर कुणाकुणाच्या सह्या घ्यायच्या, हे त्याला कुणी प्रकरण हातात देऊन दाखवलेलं नसतं. तो म्हणतो, "उद्या या." शेतकऱ्याचा दिवस बुडतो, एसटीचं भाडं जातं आणि तेच प्रकरण दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच टेबलावर येतं. कमी माणसांच्या शाखेला हे दुप्पट काम परवडतं का? मुदतीत फेडलेल्या ३ लाखांपर्यंतच्या पीक कर्जावर केंद्राची ३ टक्के व्याज सवलत आहे, शिवाय राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख योजना. परतफेडीची तारीख नीट सांगितली नाही तर हे दोन्ही हातचं जातं. विनातारण शेतीकर्जाची मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून १.६० लाखांवरून २ लाखांवर गेली. ज्याला हे सांगितलेलंच नाही, तो तारण मागत राहणार.

दुसरा आक्षेप असा की समाधान पगारावर आणि बदलीवर ठरतं, शिकण्याचा त्याच्याशी काय संबंध? फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी पिट्सबर्ग परिसरातल्या अभियंत्यांना आणि हिशेबनिसांना हेच विचारलं होतं. १९५९ मध्ये त्यांनी मांडलं की पगार, कामाची परिस्थिती यांनी नाराजी कमी होते, समाधान मात्र काम जमण्यातून आणि त्याची कदर होण्यातून येतं. आपल्या शाखेतही तेच दिसतं. प्रकरण एका फेरीत मार्गी लावलेला माणूस संध्याकाळी वेगळ्याच चेहऱ्यानं घरी जातो.

शिकवलेली माणसं दुसऱ्या बँकेत जातात, हेही ऐकू येतं. काही जातीलच. न शिकवलेली मात्र राहतात, आणि त्यांचा त्रास गाव सोसतं.

संस्थांची वाण नाही. रिझर्व्ह बँकेचं कृषी बँकिंग महाविद्यालय १९६९ पासून पुण्यात आहे. पण संगणकावर चित्रफीत पुढं ढकलून घेतलेलं प्रमाणपत्र म्हणजे प्रशिक्षण नव्हे. शिकवणं त्या-त्या भागातल्या पिकांचंही हवं. नांदेडला मुख्यालय असलेली मराठवाडा ग्रामीण बँक १९७६ ची. १ मे २०२५ पासून तिची वारस महाराष्ट्र ग्रामीण बँक कोकण-विदर्भासह अख्ख्या राज्याची झाली. आता भाताचं कर्ज आणि सोयाबीनचं कर्ज एकाच साच्यात शिकवलं जाण्याचा धोका वाढला आहे. एप्रिलमध्येच, नांदेड आणि लातूरला, मराठीतून, खऱ्या कर्जप्रकरणांवर निवृत्त अधिकाऱ्यांकडून शिकवून घ्या. आणि शिकून आलेल्याला किमान दोन खरीप हंगाम कर्जाच्या टेबलावरून हलवू नका.