आपला देव पावतो का? कोपतो का?



आपल्या घरांत दोन वाक्यं फार सहज बोलली जातात. मुलगा चांगल्या मार्कांनी पास झाला, मुलीचं लग्न जमलं, घराचं कर्ज फिटलं की "देव पावला". आणि अपघात झाला, धंदा बसला, पोटातलं बाळ गेलं की कुणीतरी हळूच म्हणतं, "काहीतरी चुकलं असणार, देव कोपला." शेजारच्या घरात ही वाक्यं बोलली तर ती त्यांच्या श्रद्धेत बसतात, कारण त्यांचा देव जगाचा कर्ता आहे. तो देतो आणि घेतोही. पण रोज अरिहंतांना नमस्कार करणाऱ्या आपल्या तोंडी ती बसतात का? मला वाटतं, बसत नाहीत. आणि हा नुसता शब्दांचा कीस नाही. या दोन वाक्यांपायी आपल्यातल्या काही बायका आयुष्यभर स्वतःला दोषी समजत जगतात.

आधी शास्त्र काय म्हणतं ते बघू. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात खऱ्या देवाच्या तीन खुणा सांगितल्या आहेत. तो निर्दोष म्हणजे वीतराग असतो, सर्वज्ञ असतो आणि हिताचा उपदेश करणारा असतो. निर्दोष म्हणजे कसा, तर भूक, तहान, म्हातारपण, रोग, भय, गर्व, राग, द्वेष, मोह, चिंता असे जे १८ दोष आपण पाठशाळेत पाठ करतो, त्यांतला एकही त्याच्यात उरलेला नसतो.

इथे आपल्या मराठीमुळे एक गोंधळ होतो. पाठशाळेतल्या मुलांना मी विचारते, "वीतराग म्हणजे काय?" निम्मी मुलं एका सुरात सांगतात, "ज्याला राग येत नाही तो!" मराठीत राग म्हणजे संताप, म्हणून त्यांना तसं वाटतं. पण शास्त्रातला राग म्हणजे ओढ, आसक्ती, आपलेपणाची माया. संतापाची बाजू तिथे द्वेषात येते. वीतरागाला द्वेष तर नाहीच, पण आपल्याबद्दल पक्षपाती मायाही नाही. आपण मोठ्या झालो तरी मनात अर्थ मुलांचाच राहतो. देव कोपणार नाही, हे पटकन पटतं. पण तो आपल्यावर खूष होऊन काही देणारही नाही, हे पचायला जड जातं. पावणं आणि कोपणं ही एकाच नाण्याची दोन अंगं आहेत. जो एकीला पावतो, तो दुसरीला पावला नाही असं म्हणावंच लागतं. मग तो वीतराग कसला?

आता तुम्ही म्हणाल, व्याख्या ठीक आहे, पण पुराणांतल्या कथांचं काय? तिथे तर देव भक्तांना तारतो, संकटं टळतात, साखळ्या तुटतात. व्याख्येतला देव आणि कथेतला देव वेगळे आहेत का? प्रश्न रास्त आहे. म्हणून त्या कथा नीट वाचूया.

सगळ्यांच्या आवडीची कथा पार्श्वनाथांची. कमठ आणि मरुभूती या भावांचं वैर दहा भव चालत आलं. शेवटच्या भवात पार्श्वनाथ मुनी ध्यानात उभे असताना कमठाचा जीव देव होऊन आला आणि त्याने सात दिवस घोर उपसर्ग केला. तेव्हा धरणेंद्र आणि पद्मावती आले, त्यांनी फणांचं छत्र धरलं. म्हणून पार्श्वनाथांच्या मूर्तीवर आपण फणा बघतो. आता नीट बघा, या कथेत पार्श्वनाथ काय करतात? काहीच नाही. कमठावर संतापत नाहीत, धरणेंद्राला हाक मारत नाहीत, तो आला म्हणून सुखावतही नाहीत. हेमचंद्राचार्यांनी पार्श्वनाथांची स्तुती केली तीही याच गोष्टीसाठी, की छळणारा आणि राखणारा या दोघांविषयी प्रभूंच्या मनात सारखाच भाव होता. जो धावून आला तो धरणेंद्र. त्याला राग आहे, भक्ती आहे, उपकाराची जाण आहे, कारण तो संसारी देव आहे. शिवाय हा उपसर्ग केवलज्ञान होण्याआधीचा, मुनी अवस्थेतला आहे. आपण मात्र मुलांना सांगताना, "बघ, देवाचं नाव घेतलं की देव कसा वाचवतो," असं सांगून मोकळ्या होतो. कथेत असं कुठे आहे?

दुसरी कथा कमी सांगितली जाते, पण मला ती जास्त महत्त्वाची वाटते. जिनसेनाचार्यांनी ९व्या शतकात आदिपुराण लिहिलं, त्यात नमी आणि विनमी येतात. ऋषभदेवांनी राज्य मुलांना वाटून दीक्षा घेतली. हे दोघे ध्यानस्थ प्रभूंच्या पायाशी येऊन बसले आणि म्हणाले, सगळ्यांना दिलंत, आम्हालाही द्या. प्रभू गप्प. हो नाही, नाही नाही. शेवटी इथेही धरणेंद्र आला, त्यांना विजयार्ध पर्वतावर घेऊन गेला आणि तिथलं राज्य दिलं. दोन्ही कथांत मागणारे किंवा छळणारे वेगळे, पण मधला वीतराग तसाच स्थिर. आचार्यांना कथा रंगवायची होती, भक्ताला फळही दाखवायचं होतं, पण देणारा म्हणून त्यांनी जिनेंद्रांचा हात कुठे पुढे येऊ दिला नाही. याच आदिपुराणात जगाचा कुणी कर्ता नाही हेही त्यांनी युक्तिवाद करून मांडलं आहे.

भक्तामराचंही तसंच. मानतुंग आचार्यांना कोंडलं आणि एकेक श्लोकागणिक कुलुपं तुटली, ही कथा आपण ऐकत आलो. स्तोत्र उघडलं तर शेवटच्या भागात हत्ती, सिंह, वणवा, साप, युद्ध, समुद्र, रोग, बेड्या अशी एकेक भयं येतात. पण ती शमतात कशाने? प्रभूंच्या नामाने, स्मरणाने, चरणांच्या आश्रयाने. आदिनाथ मोक्षातून उतरून येतात असं आचार्य म्हणत नाहीत. स्मरणाने आपले परिणाम निर्मळ होतात, पापाचा जोर कमी होतो, पुण्याचा वाढतो, हा आपला कर्मसिद्धांत. काम होतं ते आपल्या आतल्या भावांचं, प्रभू निमित्त. आरशात बघून आपण विस्कटलेले केस नीट करतो. आरसा कंगवा हातात घेत नाही, पण आरसा नसता तर केस विस्कटलेलेच राहिले असते.

काही जणींना असे प्रश्न विचारणं म्हणजे अश्रद्धा वाटते. त्यांना मी एवढंच सांगेन, हे प्रश्न आचार्यांनीच विचारले आहेत. समंतभद्रांच्या आप्तमीमांसेची सुरुवातच अशी आहे की देव दर्शनाला येतात, आकाशातून गमन होतं, चवऱ्या ढाळल्या जातात, एवढ्याने मी तुम्हाला थोर मानत नाही, हे तर मायावी लोकांतही दिसतं. पहिल्या कारिकेत देवाचीच परीक्षा! ११४ कारिकांचा हा ग्रंथ आपण आदराने देवागम स्तोत्र म्हणून वाचतो. केवली आहार घेतात की नाही, यावर दिगंबर आणि श्वेतांबर आचार्यांनी शतकानुशतकं वाद केला. त्यांच्या आगमात भगवान महावीरांच्या आजारपणात रेवती श्राविकेने दिलेल्या आहाराची कथा आहे. आपल्याकडे केवलींना भूक आणि रोग मानतच नाहीत, म्हणून ती कथा मानत नाहीत. मी दिगंबर घरातली आहे, माझं मन कुठे आहे हे सांगायला नको. पण दोन्हीकडच्यांनी प्रश्न एकच विचारला होता: ही कथा देवाच्या गुणांशी जुळते का? मग तोच प्रश्न आपण आपल्या घरातल्या बोलण्याला का विचारू नये?

विचारायला हवा, कारण त्याची किंमत बायकाच मोजतात. नोंपी करताना एक दिवस चुकला म्हणून मूल दगावलं, असं एखादीला सांगितलं जातं. पाळीच्या दिवसांत सामानाला हात लागला म्हणून नवऱ्याची नोकरी गेली, असं दुसरीला. सांगणाऱ्या आपल्याच, मायेच्या बायका असतात. पण त्या वीतरागावर केवढा आळ घेतात बघा! ज्याने दहा भव छळणाऱ्या कमठावर द्वेष केला नाही, तो एका लेकुरवाळीवर चुकलेल्या एका दिवसासाठी सूड उगवेल? कथा तर पुढे सांगते की तो कमठाचा जीवही शेवटी शांत झाला, त्यालाही सम्यक्त्व लाभलं. असा देव ज्यांचा आहे, त्यांच्या घरात "देव कोपला" हे वाक्य शोभत नाही.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं. "बरं, देव नाही कोपला, तिचं कर्म उदयाला आलं." सिद्धांत म्हणून हे बरोबर आहे. ऋषभदेवांनाही सहा महिन्यांच्या उपवासानंतर पुढे कित्येक महिने आहार मिळाला नाही, शेवटी हस्तिनापुरात राजा श्रेयांसाने उसाचा रस दिला. कर्म तीर्थंकरांनाही सुटलं नाही. पण मैत्रिणींनो, हेच वाक्य रडणाऱ्या बाईच्या तोंडावर फेकलं की ते "देव कोपला"चंच धाकटं भावंड होतं. कुणाचं कोणतं कर्म, कोणत्या भवातलं, आज कशाने उदयाला आलं, हे जाणणं ही सर्वज्ञाची खूण आहे. आपल्याला फ्रिजमध्ये मागे काय ठेवलंय ते आठवत नाही, आणि आपण दुसरीच्या मागच्या भवाचा हिशेब मांडतो! कर्माचा सिद्धांत स्वतःला सावरायला वापरावा. दुसरीच्या दारी जाताना डबा न्यावा, तिच्याजवळ बसावं, तिच्या मुलांना दोन दिवस आपल्याकडे आणावं.

मग अभिषेक, पूजा, स्तोत्र कशाला, असं सुनाबाई आणि कॉलेजातल्या मुली विचारतात. समंतभद्रांनीच स्वयंभू स्तोत्रात वासुपूज्य भगवंतांना म्हटलं आहे, त्याचा आशय असा: तुम्ही वीतराग, तुम्हाला पूजेचा उपयोग नाही, तुम्हाला वैर नाही, म्हणून निंदेनेही काही होत नाही, तरी तुमच्या गुणांची आठवण आमचं मन पवित्र करते. मला तरी यापेक्षा मोठं कारण लागत नाही. आय.सी.यू.च्या बाहेर बसलेल्या आईने भक्तामर म्हणू नये, असं मी कधीच म्हणणार नाही. जरूर म्हणावं, मन थाऱ्यावर येतं, हात थरथरायचे थांबतात, डॉक्टर काय सांगतात ते नीट ऐकू येतं. फक्त तो करार नसावा. मी ४८ श्लोक म्हटले, आता तू मुलगा दे, असं झालं की मुलगा वाचला नाही तर तिची श्रद्धाही जाते, आणि नेमकी तेव्हाच तिला ती सगळ्यात जास्त हवी असते.

पद्मावती देवीची ओटी भरणाऱ्या आपल्याकडे खूप जणी आहेत, हुमचाला वर्षाला जाणाऱ्याही आहेत. आपल्यातच कुणी ते करतं, कुणी करत नाही. ज्या जातात त्यांनी साधर्मी बहिणीचा मान करावा तसा देवीचा मान करावा, असं मला वाटतं. पण वराच्या आशेने रागद्वेष असलेल्या देवांची उपासना करणं म्हणजे देवमूढता, हे रत्नकरंडात स्पष्ट सांगितलं आहे. आणि देवीची मागणी जिनेंद्रांच्या खात्यावर टाकू नये. पुराणकारांनीही टाकली नाही.

येत्या दशलक्षणात घरातल्या मुलांना पार्श्वनाथांची कथा सांगाल, तेव्हा फणांपाशी थांबू नका. फणांखालचा तो चेहरा दाखवा. पाऊस पडत होता तेव्हाही तसाच, थांबला तेव्हाही तसाच. मुलांना सांगा की आपला देव असा आहे, आणि आपल्यालाही थोडं थोडं तसं व्हायचं आहे. मुलं पास झाली की "तू मेहनत केलीस" म्हणा. कुणाच्या घरी वाईट झालं की काही न बोलता जा.

जय जिनेंद्र.