आधी कोणाकडे जायचं?

बालमित्रांनो, परवा वर्गात एका मुलाने विचारलं, "बाई, फिजिओथेरपिस्टकडे जायला डॉक्टरांची चिठ्ठी लागते का?" प्रश्न अगदी योग्य! अंधेरी-बोरिवली म्हणा, नाहीतर मुलुंड-घाटकोपर, फिजिओथेरपीच्या पाट्या जागोजागी दिसतात. कुणाची आजी गुडघ्यासाठी जाते, कुणाचे बाबा मानेसाठी.

ही विद्या आपल्याकडे रुजली ती मुंबईतच. पोलिओने कितीतरी मुलांचे पाय लुळे पडत. तेव्हा, १९५० च्या दशकात, परळच्या के. ई. एम. रुग्णालयात फिजिओथेरपी शिकवणारी शाळा सुरू झाली. आधी डॉक्टर तपासायचे, मग व्यायामासाठी पाठवायचे, अशी पद्धत होती. ऑस्ट्रेलियात मात्र १९७६ पासून चिठ्ठीशिवाय थेट जाण्याची वाट मोकळी झाली. आज आपल्या उपनगरांतही बरेच जण थेट जातात.

मग तुम्हीही जावं का? वाकून बसल्याने मान अवघडली, जड दप्तराने खांदे दुखू लागले, तर आईबाबांबरोबर थेट जायला हरकत नाही. हेलपाटा वाचतो, व्यायाम लवकर सुरू होतो.

पण कबड्डीत पडलात, पाय सुजला आणि टेकवेना, तर आधी डॉक्टर! का, सांगू? तुमची हाडं अजून वाढताहेत. त्यांच्या टोकांपाशी कूर्चेची नाजूक पट्टी असते. तिथूनच हाड लांब होतं. मोठ्या माणसाचा पाय जिथे नुसता मुरगळेल, तिथे मुलांच्या त्या पट्टीलाच इजा होऊ शकते. तिथे चोळणं, ओढणं म्हणजे आगीत तेल! दुखण्याबरोबर ताप आला, हातपाय बधिर झाले किंवा रात्री दुखण्याने झोपमोड होऊ लागली, तरीही आधी डॉक्टरच.

पालकांनो, एक गोष्ट जरूर पाहा. राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी परिषदेकडे त्या व्यक्तीची नोंदणी आहे का, हे विचारा. विचारण्यात संकोच कसला? चांगला फिजिओथेरपिस्ट आधी नीट चौकशी करतो, तपासतो आणि शंका आली तर स्वतःच म्हणतो, "आधी डॉक्टरांना दाखवा."

आणि मुलांनो, मॅच बुडेल म्हणून दुखणं लपवू नका हं! कुठल्या दारी जायचं ते मोठे ठरवतील. पण कुठे दुखतंय, ते तुम्हीच सांगायला हवं.